काटकसरीची दिल्ली आणि आचऱ्याचे कानविंदे

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘उद्याची शहरे’ या विषयावर लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. उभे आयुष्य मेजरमेंट बुकात विटा, सिमेंट आणि सळया मोजण्यात गेले. त्यामुळे उद्याच्या शहरांचा विचार करताना माझी नजर आधी कालच्या हिशेबाकडे जाते. ‘ग्रीन’, ‘सस्टेनेबल’ हे शब्द हल्ली बिल्डरच्या प्रत्येक जाहिरातीत असतात. आपल्या आई-आजीकडे यासाठी एक साधा शब्द होता, काटकसर. पाणी कमी, माल कमी, इंधन कमी आणि तरीही घर राहण्यासारखे. ही काटकसर दिल्लीला नवी नाही. तिला आधुनिक रूप देणाऱ्यांत एक मोठा माणूस तर आपल्या मालवणजवळच्या आचऱ्याचा होता. मंडळातल्या नव्या पिढीशी बोलताना त्यांचे नाव कोणाला माहीत नसते असा अनुभव आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण दिल्लीची सुरुवातच तिथून होते. यमुना शेजारून वाहते खरी, पण जुन्या दिल्ल्या वसल्या त्या बहुतेक अरवलीच्या खडकाळ उतारावर, नदीपासून दूर. तिथे पावसाळ्यातले पाणी अडवले तरच वर्ष निघणार. फरिदाबादच्या बाजूला अनंगपूर गावाजवळ तोमर राजांच्या काळातला दगडी बंधारा अजून उभा आहे. जवळच्या सूरजकुंडाला आपण मेळ्यासाठी जातो, पायऱ्या पाहत नाही. पुढे इल्तुत्मिशने मेहरौलीत हौज-ए-शम्सी बांधला (सुमारे 1230), अलाउद्दीन खिलजीने सिरी शहरासाठी मोठा तलाव खोदला. तोच आपला हौज खास. फिरोजशहा तुघलकाने 1352 च्या सुमारास त्यातला गाळ उपसून काठावर मदरसा बांधला. गाळ काढणे हे राजाच्या नावावर नोंदवण्यासारखे काम होते, हे लक्षात घ्या. आज गाळ काढणे नगरपालिकेच्या टेंडरात शेवटच्या ओळीत असते.

खिडकी गावाजवळचा सातपुला हा मला सगळ्यात आवडतो. सात कमानींचा हा बंधारा महंमद तुघलकाने जहाँपनाह शहराच्या तटबंदीतच बांधून घेतला. तटाचा तट, बंधाऱ्याचा बंधारा. एकाच भिंतीकडून दोन कामे करून घेणे यालाच मी उत्तम स्थापत्य म्हणतो. आणि हा महंमद तुघलक म्हणजे 1327 मध्ये राजधानी आपल्या देवगिरीला हलवणारा तोच! शाळेत आपण त्याला वेडा म्हणून शिकलो. सातपुला पाहिल्यावर त्याच्या इंजिनिअरांना तरी कोणी वेडे म्हणणार नाही.

बावडी म्हणजे आपली बारव. हेली रोडवरची अग्रसेन की बावली सर्वांनी सिनेमात पाहिली असेल. निजामुद्दीनची 1321-22 ची आहे, मेहरौलीतली राजों की बावली 1506 ची. द्वारकेत राहणाऱ्यांना तर सेक्टर 12 मध्ये लोदी काळातली एक बावडी सोसायट्यांच्या गर्दीत सापडेल. बारवेत मे महिन्याच्या दुपारी उतरून पाहा. पायऱ्या जसजशा खाली जातात तसतशी हवा गार होत जाते, कारण तिथे ऊन पोचत नाही आणि खोल जमीन उन्हाळ्यात वरच्या हवेइतकी तापत नाही. वाटसरूला पाणीही मिळे आणि विसावाही. हाच नियम शाहजहानाबादच्या हवेल्यांतल्या तहखान्यांना लागू. उन्हाळ्याच्या दुपारी घर तळघरात उतरे, रात्री गच्चीवर चढे. घर तेवढेच, पण माणसे ऋतूप्रमाणे आणि तासाप्रमाणे त्यात जागा बदलत. आज आपण एका जागी बसतो आणि हवामान बदलण्यासाठी वीज जाळतो.

मी 1979 मध्ये दिल्लीत आलो आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार मांडला. आपल्यातली निम्मी मंडळी तिथूनच, नाहीतर नेताजी नगर, किदवई नगर, आर. के. पुरममधून आलेली आहेत. त्या क्वार्टरांना आपण नावे ठेवली. पलस्तर पडते, मोऱ्या तुंबतात, पंखा मिळायला अर्ज करावा लागतो. सगळे खरे. पण आमच्या क्वार्टरच्या भिंती दीड विटेच्या होत्या, म्हणजे साडेतेरा इंच. सकाळचे ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई आणि तोवर आम्ही खाटा अंगणात टाकलेल्या असत. छतावर ‘मड फुस्का’ होता. स्लॅबवर चिखल आणि भुश्याचा थर, त्यावर विटांच्या टाइल्स. नाव हास्यास्पद, पण माती उष्णता अडवते हे ज्याला कळले त्यानेच ते शोधले. पुढे मागे अंगण, अंगणात कडुनिंब. खिडकीत कूलर, त्याला वाळ्याचे तट्टे. दिल्लीची लू कोरडी असते, म्हणून पाण्यावरून आलेली हवा गार होते. मुंबईत तोच कूलर नुसता ओलावा ओकतो. हे ज्ञान कोणत्याही परिषदेतून आले नव्हते. सरकारकडे पैसे नव्हते आणि सिमेंट रेशनवर होते.

सूर्याचे गणितही त्यात होते. दिल्लीत जूनमध्ये भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, क्षितिजापासून 85 अंशांवर. डिसेंबरात तो 38 अंशांपर्यंत खाली येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दिला की उन्हाळ्यात ऊन बाहेर आणि थंडीत ऊन घरात. पैसा एक लागत नाही. उलट पश्चिमेची खिडकी. संध्याकाळचा तिरपा सूर्य छज्जाखालून सरळ आत घुसतो. आपल्या ओळखीतले लोक फ्लॅट घेताना स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, दार कुठल्या दिशेला आहे, हे वास्तुतज्ज्ञाला फी देऊन विचारतात. दिवाणखान्याची आठ फुटी काच पश्चिमेला आहे हे मात्र पहिल्या मे महिन्याचे वीजबिल आल्यावर कळते. असो.

आता आपल्या माणसाकडे येतो. अच्युत कानविंदे यांचा जन्म 1916 मध्ये आचऱ्याचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली ते वास्तुकला शिकले. बॅटली हे इंग्रज असून विद्यार्थ्यांना इथली घरे, इथले हवामान पाहायला लावणारे शिक्षक होते. 1945 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर कानविंदे अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे वॉल्टर ग्रोपियस हे त्यांचे गुरू. सुशोभन बाजूला ठेवून इमारतीच्या कामातून तिचे रूप ठरवावे, हा त्या शाळेचा बाणा. 1947 मध्ये परत आले ते थेट दिल्लीला. शांतिस्वरूप भटनागरांच्या सीएसआयआरमध्ये मुख्य वास्तुविशारद म्हणून त्यांच्यावर नव्या देशाच्या प्रयोगशाळा उभारण्याची जबाबदारी आली. 1955 मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीतच स्वतःची कचेरी काढली आणि 2002 मध्ये निधन होईपर्यंत त्यांची कर्मभूमी दिल्लीच राहिली. म्हणजे आपल्यासारखेच. नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले.

हार्वर्डहून येणारा माणूस पांढऱ्या पेट्या बांधतो. कानविंद्यांनीही सुरुवातीला बांधल्या. अहमदाबादची अटिरा ही संस्था त्याच वळणाची आहे. पण उत्तर भारताच्या उन्हाने त्यांना हळूहळू बदलले, असे त्यांच्या इमारती ओळीने पाहिल्या की दिसते. आयआयटी कानपूरचा परिसर 1959 नंतरच्या सात-आठ वर्षांत उभा राहिला. तिथे काँक्रीटचा सांगाडा उघडा आणि मधल्या भिंती स्थानिक विटेच्या, पलस्तर नाही. विभाग एकमेकांना दुमजली छायादार वाटांनी जोडलेले. मोटारी बाहेर कडेला आणि आत माणसे पायी. वर्गातून प्रयोगशाळेत जाताना डोक्यावर ऊन येऊ नये याची काळजी घेतली आहे. कोकणातल्या घराची पडवी ज्याच्या डोळ्यांत आहे त्याला सावलीची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही, असे मला आपले वाटते.

त्यांचे मला सर्वांत पटणारे काम मात्र एक डेअरी आहे. मेहसाण्याची दूधसागर डेअरी, 1970 ते 73. दूध तापवायचे, वाफ आणि उष्णता सतत निर्माण होणार. गुजरातचा उन्हाळा त्यावर. कानविंद्यांनी इमारतीच्या डोक्यावर उंच काँक्रीटच्या धुराड्यासारख्या हवेच्या वाटा उभ्या केल्या. तापलेली हवा हलकी होऊन त्यांतून वर निघून जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. लांबून पाहिले तर एखाद्या किल्ल्याचे बुरूज वाटतात. शोभेसाठी एकही नाही. नंतर अनेकांनी तसे बुरूज नुसते दिसायला म्हणून काढले, ती गोष्ट वेगळी.

दिल्लीत त्यांचे काम पाहायचे तर भैरों रोडवरचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र, 1992. मुले घेऊन आपण सगळेच गेलो आहोत. सरकत्या जिन्याने एकदम वर जायचे आणि दालने पाहत पाहत पायरी-पायरीने खाली यायचे. गर्दी आपोआप उताराने वाहते, पाण्यासारखी. बाहेरून खडीचा धुतलेला गिलावा आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी रंगाचा खर्च नाही. ईस्ट ऑफ कैलासचे 1998 चे इस्कॉन मंदिरही त्यांचेच, आणि पुण्याला कोंढव्यात बँक व्यवस्थापन संस्थेचा परिसरही. एक तक्रार मी व्यवसायबंधू म्हणून नोंदवतो. उघडे काँक्रीट पहिली दहा वर्षे देखणे दिसते, मग पावसाने काळवंडते, सळईवरचे आवरण पातळ असेल तर गंजून सुटते. त्या पिढीने देखभालीचा खर्च शून्य धरला. सरकारी खात्यानेही तो आनंदाने शून्यच ठेवला.

त्या पिढीची काटकसर किती टोकाला जाऊ शकत होती याचे उदाहरण प्रगती मैदानावर होते. 1972 च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी राज रेवाल यांनी हॉल ऑफ नेशन्सचा आराखडा केला आणि महेंद्र राज यांनी त्याचे गणित मांडले. एवढा मोठा खांबविरहित मांडव जगात पोलादी नळ्यांचा करतात. आपल्याकडे पोलादाची टंचाई, मजूर मात्र मुबलक. म्हणून तोच जाळीदार सांगाडा जागेवर काँक्रीट ओतून, हाताने बांधला. ती जाळीच उन्हाला अडवी. गरिबीतून असे काही निघाले की जगभरचे इंजिनिअर पाहायला आले. एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत तो पाडला. तो वाचवायला लोक कोर्टात गेले होते. साठ वर्षे झाल्याशिवाय इमारत वारसा म्हणून धरता येत नाही, असा निकष वारसा समितीने त्याच वर्षी लावला होता. हॉलचे वय पंचेचाळीस. सातपुल्याला साडेसहाशे वर्षे मिळाली.

टंचाई गेली तशी काटकसरही गेली. सिमेंटवरचे नियंत्रण 1982 मध्ये सैल झाले, 1989 मध्ये पूर्ण उठले. 1991 नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि गुडगावच्या शेतांत काचेचे मनोरे उभे राहिले. काच ही थंड देशाची सोय आहे. ती ऊन आत घेते आणि आतली ऊब बाहेर सोडत नाही; दिल्लीत आपल्याला नेमके याच्या उलट हवे. पाण्याची कथा तीच. दिल्लीत 2001 पासून मोठ्या नव्या इमारतींना पावसाचे पाणी जिरवणे सक्तीचे झाले, पण खड्डा खणणे आणि खड्डा चालू ठेवणे यांत फरक आहे. फिरोजशहाला तो कळत होता.

सगळेच बिघडले असे मात्र नाही. लोधी रोडचे इंडिया हॅबिटॅट सेंटर (1993) पाहा. जोसेफ स्टाइन यांनी इमारतींच्या मधल्या चौकांवर आडव्या पट्ट्यांचे छत टांगले आहे. आपल्या वाड्याचा चौक, फक्त शंभरपट मोठा. मेमध्येही तिथे बसता येते. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला टेरीच्या प्रशिक्षण केंद्रात हवा चार मीटर खोल पुरलेल्या नळांतून खेळवून खोल्यांत सोडतात. बारवेचाच नियम, फक्त पंखा जोडलेला. अनंगपूरला रेवती आणि वसंत कामत या वास्तुविशारद दांपत्याने स्वतःचे घर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचे बांधले, त्या हजार वर्षांच्या बंधाऱ्याच्या गावात. कुतुब इन्स्टिट्यूशनल एरियातली डेव्हलपमेंट ऑल्टर्नेटिव्ह्जची कचेरी अशोक लाल यांनी माती आणि राखेच्या न भाजलेल्या विटांतून उभी केली. आणि सरकारनेही जोरबागला 2014 मध्ये इंदिरा पर्यावरण भवन उभारले. त्याच्या छपरावर 930 किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत. मधोमध मोठा चौक ठेवला आहे, हे मला पॅनेलपेक्षा जास्त आवडले.

पण या सगळ्या नव्या इमारती झाल्या. माझा मुद्दा जुन्यांचा आहे. उद्याचे शहर म्हणजे बहुतांशी आज उभे असलेलेच शहर. वीट भाजताना कोळसा जळून गेलेला असतो, सिमेंटची भट्टी पेटून विझलेली असते. तो खर्च एकदाच झाला. इमारत जितकी जास्त वर्षे उभी राहील तितका तो वर्षाला कमी पडतो. पाडली की तो खर्च बुडाला आणि नवा सुरू. ऑगस्ट 2022 मध्ये नोएडाचे जुळे मनोरे काही सेकंदांत पाडले, ते आपल्यापैकी कित्येकांनी गच्चीवरून पाहिले, टाळ्याही वाजवल्या. ते बेकायदा होते, पाडणे कोर्टाचा हुकूम होता, मला त्यावर काही म्हणायचे नाही. पण खाली सुमारे 80 हजार टन राडारोडा पडला, आणि त्यात एक दिवसही कोणी राहिले नव्हते.

आमची सोसायटी पटपडगंजची. याच भागात सप्टेंबर 1803 मध्ये दौलतराव शिंद्यांची फौज जनरल लेककडून हरली आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. इथे सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या त्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत. चार मजली, विटेच्या भिंती, समोरासमोर खिडक्या, मध्ये बाग. गेले वर्षभर आमच्याकडे पुनर्विकासाची चर्चा आहे. सगळे पाडायचे, तिथे उंच टॉवर, प्रत्येकाला एक खोली जास्त. तरुण सभासदांचे म्हणणे खोटे नाही. लिफ्ट नाही, म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही, प्लंबिंग सडले आहे, भूकंपाची धास्ती आहे. माझेही गुडघे तिसऱ्या मजल्यावर तक्रार करतात.

सभेत मी विरोध केला नाही, हिशेब मागितला. आमचे 96 फ्लॅट, ढोबळ मानाने 9,600 चौरस मीटर बांधकाम. माझ्या अंदाजाने बारा हजार टन माल, म्हणजे दहा टनी ट्रकच्या बाराशे खेपा. त्याऐवजी बाहेरून लिफ्टचे मनोरे जोडले, खांबांना आवरण चढवून मजबुती दिली, पाइप बदलले, गच्चीवर पांढऱ्या टाइल्स घातल्या, तर खर्च किती आणि आयुष्य किती वाढेल? आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा, मग मत द्या. ऑडिटमध्ये सांगाडाच कुजलेला निघाला तर पाडण्याच्या बाजूने पहिला हात माझा. ठराव बहुमताने संमत झाला, आठ मतांच्या फरकाने. एका बंधूंनी नंतर जिन्यात गाठून विचारले, “काका, तुम्हाला एक खोली जास्त नको का?” मी म्हटले, हवी की. कोणाला नको असते?

अहवाल दसऱ्याच्या सुमाराला येईल आणि त्यानंतर सर्वसाधारण सभा. मंडळातल्या निदान दहा-बारा कुटुंबांच्या सोसायट्यांपुढे हाच प्रश्न आहे, हे मला ठाऊक आहे. ज्यांना अहवाल कसा वाचायचा हे पाहायचे असेल त्यांनी निःसंकोच घरी यावे.

दरम्यान, विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही काही जण सातपुला आणि तिथून अनंगपूरला जाणार आहोत. मुलांना जरूर आणावे. येणाऱ्यांनी टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. बंधाऱ्यावर फारशी सावली नाही.